हाकेपासून दप्तरापर्यंत : फ्रेंच आडनावांची जन्मकथा

फ्रान्सच्या आग्नेयेस, आल्प्स पर्वताच्या कुशीत, शांबेरी नावाचे एक जुने शहर आहे. त्या शहराच्या मध्यवस्तीत एक उंच स्तंभ उभा असून त्याच्या तळाशी चार दिशांना तोंडे केलेले चार हत्ती आहेत. हत्तींचे मस्तक, सोंड आणि पुढचे पाय एवढेच काय ते स्तंभातून बाहेर आलेले. मागचे अंग शिल्पकाराने घडवलेलेच नाही. सोंडांतून खालच्या कुंडांत पाणी पडत असते आणि माथ्यावर एका सेनानीचा पुतळा उभा असतो. १८३८ साली हे कारंजे बांधून पुरे झाले, आणि गावकऱ्यांनी लगोलग त्याला 'ढुंगणावाचूनचे चौघे' असे ग्राम्य पण अचूक नाव देऊन टाकले. सरकारी कागदांत काहीही लिहिलेले असो, शांबेरीच्या तोंडी आजही तेच नाव आहे.

हा पुतळा ज्याचा, त्या गृहस्थाचा मराठ्यांच्या इतिहासाशी फार निकटचा संबंध आहे. महादजी शिंद्यांच्या पदरी राहून ज्याने कवायती पलटणींचे कंपू उभे केले, १७९० साली पाटण आणि मेडता येथे, आणि पुढे १७९३ साली लाखेरीस होळकरांच्या फौजेविरुद्ध ज्याच्या तोफांनी आणि संगिनींनी लढाईचा निकाल लावला, तो आपल्या इतिहासग्रंथांतला डी बॉयन तो हाच. हिंदुस्थानात मिळवलेली अमाप दौलत घेऊन तो युरोपात परतला, आपल्या जन्मगावाला त्याने सढळ हाताने दानधर्म केला, आणि १८१६ साली सार्डिनियाच्या राजाने त्याला काउंट हा किताब बहाल केला. परंतु १७५१ साली केसाळ कातड्यांचा व्यापार करणाऱ्या एका शांबेरीकर कुटुंबात तो जन्मला, तेव्हा त्याच्या घराण्याचे नाव 'द ब्वान्य', म्हणजे आपले 'डी बॉयन', नव्हते. ते 'लबोर्न्य' असे होते. फ्रेंच भाषेत 'बोर्न्य' म्हणजे काणा. त्याच्या कुळातील कोणी दूरचा पूर्वज एका डोळ्याने अधू असला पाहिजे. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी त्याला त्या व्यंगावरून हाक मारली असली पाहिजे. आणि तो माणूस मातीत मिसळून गेल्यावरही ती हाक त्याच्या धडधाकट मुलानातवंडांच्या कपाळी चिकटून राहिली. मराठी फौजेतल्या या सेनापतीने ती अक्षरे थोडीशी फिरवली, पुढे एक 'द' जोडला, आणि काण्याचा वंशज सरदार झाला.

फ्रेंच आडनावांच्या उत्पत्तीविषयी जे काही सांगण्यासारखे आहे, त्याचे बीज या एका नावात सापडते. आपण आडनाव हे वंशाचे भूषण समजतो, ते पूर्वजांनी विचारपूर्वक धारण केले असावे असे मानतो. वस्तुतः फ्रान्समध्ये फारच थोड्या कुळांनी आपले नाव स्वतः निवडले. नाव दिले शेजाऱ्याने, आणि ते कायम केले दप्तराने. शेजाऱ्याची हाक ही चंचल वस्तू. ती माणसागणिक आणि दिवसागणिक बदलावी, मरणाबरोबर विरून जावी, हाच तिचा धर्म. कारकुनाच्या लेखणीने तिला पकडून शाईत बुडवले, म्हणून आठशे वर्षांपूर्वीच्या खेड्यातील बोलणे आजच्या फ्रेंच माणसाच्या दारावरील पाटीवर आपल्याला वाचता येते.

रोमन साम्राज्यात नागरिकाला त्रिपदी नाव असे. साम्राज्य कोसळले, गॉल देशावर जर्मानिक वंशाच्या फ्रँक लोकांचे राज्य आले, ख्रिस्ती धर्म खेड्यापाड्यांत पोचला, आणि या उलथापालथीत माणसाला एकच नाव पुरे होऊ लागले. जेत्यांची नावे जितांनी उचलली. रोबेर म्हणजे कीर्तीने झळकणारा, रिशार म्हणजे सामर्थ्यवान व कणखर, बेर्नार म्हणजे अस्वलासारखा बळकट, बेर्त्राँ म्हणजे तेजस्वी डोमकावळा. ही सर्व नावे फ्रँकांच्या भाषेतली, आणि आज फ्रान्समधील अत्यंत प्रचलित आडनावांत त्यांची गणना होते. ज्या टोळीच्या नावावरून देशाला फ्रान्स म्हणू लागले, त्या टोळीची भाषा त्या देशातून नाहीशी झाली, परंतु घराघरांच्या नावांत तिचे तुकडे शाबूत राहिले.

मात्र सर्वांत मोठे मानाचे पान मिळाले ते एका संताला. फ्रान्समध्ये सर्वाधिक आढळणारे आडनाव कोणते, असे विचारले तर उत्तर एकच येते : मार्टिन, किंवा फ्रेंच उच्चाराप्रमाणे मार्तँ. दोन लाखांहून अधिक माणसे आज हे आडनाव लावतात. चौथ्या शतकात, हल्लीच्या हंगेरीत जन्मलेला हा मार्टिन रोमन घोडदळातला शिपाई. उत्तर फ्रान्समधील आमियाँ शहराच्या वेशीपाशी, ऐन कडाक्याच्या थंडीत, एक उघडानागडा भिकारी त्याला दिसला. मार्टिनने तलवार उपसून आपली कांबळ मधोमध कापली आणि अर्धी त्या भिकाऱ्याच्या अंगावर घातली, अशी त्याची कथा सांगतात. पुढे तो तूरचा बिशप झाला, आणि ३९७ साली वारला. फ्रँक राजांनी त्याच्या झग्याचा अवशेष पवित्र ठेवा म्हणून जपला. आखूड झग्याला लॅटिनमध्ये जो शब्द होता, त्यावरूनच तो ठेवण्याच्या जागेला 'शापेल' हे नाव पडले, आणि तोच शब्द इंग्रजीत 'चॅपेल' होऊन आपल्यापर्यंत आला. मार्टिन हे नाव मूळचे रोमन युद्धदेव मार्सचे. युद्धदेवाचे नाव धारण करणारा शिपाई अर्ध्या कांबळीमुळे संत झाला आणि एका राष्ट्राचे सर्वांत सामान्य आडनाव होऊन बसला, ही गोष्ट मला एखाद्या पुराणकथेइतकी अर्थपूर्ण वाटते. तरीही हे ध्यानात ठेवावे की हजार फ्रेंच माणसे एकत्र केली तर त्यांत मार्तँ तीन-चारच निघतील. इतके त्या देशातील आडनावांचे वैविध्य विपुल आहे.

हे वैविध्य आले कोठून? अकराव्या-बाराव्या शतकांत लोकवस्ती वाढू लागली, आणि नेमक्या त्याच काळात बारशाची नावे मात्र रोडावत गेली, कारण जो तो आपल्या मुलाला ज्याँ, पिएर, गियोम असे कोणा ना कोणा संताचे किंवा राजपुरुषाचे नाव ठेवू लागला. एका गावात सात ज्याँ झाले, म्हणजे त्यांतला कोणता, हे सांगण्यावाचून गत्यंतर राहत नाही. पुलाजवळचा ज्याँ तो द्युपाँ, रानाकडेचा तो द्युबुआ, दरीतला तो द्युव्हाल, झऱ्याशेजारचा तो फाँतेन. ठेंगणा तो पेती, थोराड तो लग्राँ, तांबड्या केसांचा तो रू, लरू किंवा रूसो, मूर लोकांसारखा सावळा तो मोरो, चपट्या नाकाचा तो काम्यू. टक्कल पडलेल्याला शोव्हँ म्हणत. त्याच नावाचे पिकार्दी प्रांतातील रूप कोव्हँ. आणि नोआयों गावच्या एका कोव्हँच्या मुलाने आपले नाव लॅटिनमध्ये काल्व्हिनुस असे केले, तेव्हापासून अर्ध्या युरोपचा धर्म हलवणारा तो जॉन कॅल्व्हिन जगाला ठाऊक झाला. चिवट, हेका न सोडणाऱ्या माणसाला द्यूराँ हे नाव मिळाले. सामाजिक करारावर ग्रंथ लिहिणाऱ्या तत्त्ववेत्त्या रूसोच्या आणि 'परका' लिहिणाऱ्या कादंबरीकार काम्यूच्या नावांमागे एकेक लाल केसांचा आणि नकटा पूर्वज उभा आहे. आणि लुई पाश्चरच्या नावाचा अर्थ तर नुसता मेंढपाळ असा आहे.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. लरुआ म्हणजे 'राजा', लेव्हेक म्हणजे 'बिशप', लद्युक म्हणजे 'ड्यूक'. ही नावे लावणारी हजारो कुटुंबे फ्रान्समध्ये आहेत, आणि त्यांपैकी राजवंशाशी नाते सांगू शकेल असे क्वचितच कोणी. गावच्या तिरंदाजीच्या शर्यतीत जो जिंके त्याला वर्षभर राजा म्हणत. उत्सवातल्या नाटकात कोणी राजाचे सोंग आणी. कोणी राजवाड्यात चाकरीला असे. कोणाची चालच राजासारखी ताठ असे. त्याचप्रमाणे नावाआधी 'द' आला म्हणजे घराणे उमराव ठरते, हीही लोकभ्रांतीच आहे. शेतकऱ्यांच्या हजारो नावांत तो शब्द निव्वळ 'अमुक गावचा' एवढ्याच अर्थाने आलेला आहे.

गावावरून पडणाऱ्या नावांचा एक न्याय आपल्याकडील 'कर'प्रत्ययी आडनावांच्या परिचयामुळे मराठी वाचकाला चटकन पटेल. साताऱ्यात राहणाऱ्याला कोणी सातारकर म्हणत नाही; तो बाहेरगावी गेला की सातारकर होतो. तद्वत लनॉर्माँ, म्हणजे नॉर्मंडीचा, हे नाव नॉर्मंडीत पडण्याचे कारण नाही. ते पडले पॅरिसमध्ये किंवा लवार नदीच्या काठी. लांग्लुआ म्हणजे इंग्रज, लाल्माँ म्हणजे जर्मन, लब्रताँ म्हणजे ब्रिटनीचा, पिकार, पुआतव्हँ, बूर्गिन्याँ. अशी प्रत्येक संज्ञा म्हणजे एका स्थलांतराचा दाखला आहे. कोणी का निघाला, कोणत्या दुष्काळाने किंवा कोणत्या लग्नाने त्याला घर सोडायला लावले, ते नाव सांगत नाही. तो आला होता आणि परका म्हणून ओळखला गेला होता, एवढे मात्र ते निश्चितपणे सांगते.

धंद्यावरून पडलेली नावे तर प्रत्येक देशात आहेत, परंतु फ्रान्समध्ये त्यांना जी रूपे आली ती पाहिली म्हणजे तो देश एकभाषी कधीच नव्हता हे प्रत्ययास येते. लोहाराचेच उदाहरण घ्यावे. लॅटिनमध्ये कारागिराला 'फाबेर' म्हणत. उत्तरेकडे त्याचे 'फेव्र' झाले आणि त्यापासून लफेव्र हे आडनाव निघाले. पुढे पंडित लेखनिकांना लॅटिन मुळाची आठवण ठेवावीशी वाटली. म्हणून त्यांनी न उच्चारल्या जाणाऱ्या 'ब'चे अक्षर मध्ये घुसडले. त्या काळच्या लिपीत 'व्ह' आणि 'उ' या ध्वनींची अक्षरे एकाच वळणाने लिहीत. परिणामी काही ठिकाणी वाचणाऱ्याने 'व्ह'चा 'उ' केला, आणि लफेब्यूर नावाचे एक नवेच कुळ जन्माला आले. दक्षिणेत, ऑक्सितान भाषेच्या मुलखात, हाच लोहार फाब्र किंवा फोर झाला. आल्प्सकडे तो फाव्र झाला. ब्रिटनीत, जेथे लॅटिनपासून न निघालेली केल्टिक बोली चाले, तेथे तो ल गॉफ झाला. आणि आल्सासमध्ये जर्मन भाषेप्रमाणे श्मिट. कीटकसृष्टीचा महान निरीक्षक ज्याँ-आंरी फाब्र आणि ब्रिटनीतील एखादा ल गॉफ हे दोघे आडनावाच्या अर्थाने भाऊबंदच होत, मात्र त्यांच्या पणजोबांना एकमेकांची भाषा समजली नसती. विणकराची गोष्ट तशीच : तेसिए, तिसिए, तेक्सिए, तेलिए, आणि ब्रिटनीत ल ग्विआदेर. ज्या धंद्याची माणसे गावात एक किंवा दोनच असत, तो धंदा ओळखीस उपयोगी पडे, म्हणून लोहार, दळणारा, सुतार यांची नावे उदंड झाली. नांगर धरणारे तर सगळेच होते, म्हणून 'शेतकरी' या अर्थाची नावे त्या मानाने थोडी.

यांपैकी एका नावापाशी मी थांबू इच्छितो. फूर्निए हे नाव 'फूर' म्हणजे भट्टी या शब्दावरून आले. मध्ययुगात पुष्कळ गावांत भट्टी ही जमीनदाराच्या मालकीची असे, आणि रयतेने आपल्या घरी पाव न भाजता त्याच भट्टीवर आणून, ठरलेला मोबदला देऊन भाजून घ्यावा, असा सक्तीचा शिरस्ता असे. गिरणीलाही तोच नियम. हा हक्क क्रांतीने १७९३ पर्यंत मोडीत काढला. तेव्हा फूर्निए म्हणजे केवळ पाववाला नव्हे. मळलेल्या कणकेचे गोळे फळीवर घेऊन पहाटे रांगेत उभ्या असलेल्या बायकांकडून मालकाचा वाटा मोजून घेणारा तो माणूस. त्याच्याविषयी गावात काय बोलले जात असेल, याची कल्पना आपल्याकडील पाटील-कुळकर्ण्यांच्या गोष्टी ऐकलेल्या वाचकाने करावी.

आता हाक दप्तरात कशी शिरली, ते पाहू. इ. स. १२९२ साली फिलिप चौथ्याच्या अमदानीत पॅरिस शहरावर कर बसला, आणि त्या वसुलीची यादी आजतागायत शिल्लक आहे. चर्चनिहाय आणि गल्लीनिहाय केलेल्या या यादीत सुमारे पंधरा हजार करदात्यांची नोंद आहे. अमुक लोहार, तमुक इंग्रज, अमक्याची विधवा, अशा धाटणीने कारकून लिहीत जातो. आणि त्याने लिहिलेला 'लोहार' हा धंदा आहे की आडनाव, हे कित्येकदा सांगता येत नाही. मला हा क्षण फार मोलाचा वाटतो. नाव अजून ओले आहे, घट्ट झालेले नाही. बाप खरोखरच ऐरणीवर घाव घालत असेल, मुलगा कदाचित दारू विकेल आणि तरीही लोहारच म्हणवेल.

नाव कागदावर कायम नसेल तर माणसाची ओळख कशावर टिकते, याचे उत्तर सोळाव्या शतकातील एका खटल्यात मिळते. मार्तँ गेर या शेतकऱ्याचे कुटुंब मूळचे आंदाई या बास्क गावचे, आणि त्यांचे नाव दागेर. पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी आर्तिगा गावी येऊन राहिल्यावर त्यांनी त्या मुलखाच्या जिभेला रुचेल असे ते 'गेर' केले. १५४८ साली मार्तँ बायको-मुलाला सोडून परागंदा झाला. १५५६ साली एक माणूस आला आणि 'मी मार्तँ' म्हणाला. बहिणींनी त्याला ओळखले, बायकोने घरात घेतले. पुढे जमिनीच्या हिशेबावरून चुलत्याशी बिनसले आणि प्रकरण कचेरीत गेले. सुमारे दीडशे साक्षीदार तपासले. कित्येकांनी शपथेवर सांगितले की हा मार्तँच. कित्येकांनी सांगितले की हा आर्नो द्यु तिल्ह, ज्याला लोक 'पांसेत', म्हणजे पोटाळ्या, म्हणत. आणि साठांहून अधिकांना काहीच ठामपणे सांगता येईना. गावच्या चांभाराने आपल्या मापाचा पुरावा दिला : मार्तँचा पाय बारा अंकांचा, आणि समोर उभा असलेल्याचा नऊ. तूलूझच्या वरिष्ठ न्यायालयात, निकाल तोतयाच्या बाजूने झुकत असताना, लाकडी पायाचा खरा मार्तँ गेर दारात येऊन उभा राहिला. सप्टेंबर १५६० मध्ये आर्नोला आर्तिगा येथे मार्तँच्याच घरासमोर फाशी देण्यात आले. एवढ्या मोठ्या खटल्यात जन्माचा एकही दाखला पुढे आला नाही. ओळख होती ती शेजाऱ्याच्या डोळ्यांत आणि चांभाराच्या मापात.

वास्तविक दाखल्याचा हुकूम तोवर सुटलेला होता. ऑगस्ट १५३९ मध्ये राजा फ्रान्स्वा पहिला याने पॅरिसच्या ईशान्येकडील व्हिलेर-कोत्रे येथील आपल्या वाड्यातून १९२ कलमांचे एक फर्मान काढले. न्यायालयाचे कागद लॅटिनऐवजी फ्रेंच भाषेत लिहावेत ही त्यातली कलमे जगप्रसिद्ध आहेत; परंतु त्याच फर्मानाच्या एक्कावन्नाव्या कलमाने गावोगावच्या पाद्र्यांना बाप्तिस्म्याची नोंद ठेवणे भाग पाडले. १५७९ साली विवाह आणि मृत्यू यांची भर पडली. १६६७ साली वही दोन प्रतींत ठेवून एक न्यायालयात रुजू करावी असे ठरले. व्हिलेर-कोत्रेचा तो वाडा २०२३ पासून फ्रेंच भाषेचे संग्रहालय म्हणून खुला आहे. त्याच गावात १८०२ साली कादंबरीकार आलेक्सांद्र द्यूमा जन्मला, हा योगायोग नमूद करण्याजोगा आहे. कारण त्याच्या बापाने फौजेत नाव नोंदवताना आपल्या उमराव पित्याचे नाव टाकून, सेंट-डोमिंग बेटावरील आपल्या गुलाम आईचे, मारी-सेसेत द्यूमाचे, नाव लावले होते. 'द्यु मा' म्हणजे शेतघराकडचा.

या जुन्या वह्यांची पाने फ्रान्समधील बहुतेक जिल्हा-दप्तरखान्यांनी आता छायाचित्रांच्या रूपाने सर्वांना पाहण्यासाठी मोकळी केली आहेत. अठराव्या शतकातले असे एखादे पान उघडावे. तपकिरी पडलेली शाई, समासात मुलाचे नाव, आणि मग ठराविक साचा : अमुक साली, अमुक महिन्याच्या अमुक दिवशी, अमुक आणि त्याची धर्मपत्नी अमुक यांच्या, काल जन्मलेल्या मुलाचा बाप्तिस्मा केला, धर्मपिता अमुक, धर्ममाता अमुक, आणि शेवटी ती दोन ओळींची पुनरावृत्ती, जी पानापानांवर भेटते आणि प्रत्येक वेळी मनाला लागते : 'यांनी सही करता येत नसल्याचे सांगितले.' एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लुई माजिओलो या शिक्षणाधिकाऱ्याने सुमारे सोळा हजार शिक्षकांकरवी जुन्या विवाहनोंदींतील सह्यांची मोजदाद करवली. तिच्यानुसार १६८६ ते १६९० या काळात सही करू शकणारे नवरदेव शेकडा एकोणतीस आणि नवऱ्यामुली शेकडा चौदा. शंभर वर्षांनी ते प्रमाण सत्तेचाळीस आणि सत्तावीस झाले. याचा अर्थ असा की ज्यांचे नाव, त्यांतील बहुतेकांना ते लिहिता येत नव्हते. पाद्री कानाने ऐके आणि आपल्या समजुतीप्रमाणे लिही. एकाच बापाच्या दोन मुलांची नावे दोन प्रकारे लिहिली जात. तेसिए आणि तेक्सिए, गोतिए आणि गोत्ये यांच्यातले अंतर हे कित्येकदा दोन पाद्र्यांच्या कानांतले अंतर होय.

ज्यांना बाप नाही, त्यांना नाव द्यायचे कोणी? १६ नोव्हेंबर १७१७ रोजी पॅरिसमध्ये, नोत्र-दाम मंदिराच्या कुशीला असलेल्या सँ-ज्याँ-ल-राँ या चिमुकल्या चर्चच्या पायऱ्यांवर एक तान्हे मूल ठेवलेले सापडले. ज्या चर्चच्या दारात मिळाले त्याचेच नाव त्याला दिले : ज्याँ ल राँ. एका काचकाम करणाऱ्याची बायको, मादाम रूसो, हिने त्याला वाढवले. गणितज्ञ आणि विश्वकोशकार दालांबेर म्हणून युरोपभर मान मिळाल्यावरही तो कित्येक वर्षे तिच्याच घरी राहिला. ते चर्च १७४८ साली पाडण्यात आले. त्रुव्हे, म्हणजे 'सापडलेला', हे आडनाव फ्रान्समध्ये अजून आहे.

राज्यक्रांतीने २० सप्टेंबर १७९२ रोजी नोंदवह्या पाद्र्यांच्या हातून काढून नगरपालिकांकडे दिल्या. क्रांतीच्या उत्साहात लोक हवी ती नावे घेऊ लागले. बाबफसारखा पुढारी रोमन लोकनायकाच्या नावाने स्वतःला ग्राक्युस म्हणवू लागला. या स्वातंत्र्याला लवकरच लगाम बसला. २३ ऑगस्ट १७९४ च्या कायद्याने असे मुक्रर केले की जन्मदाखल्यात लिहिले आहे त्याखेरीज दुसरे कोणतेही नाव वा आडनाव कोणाही नागरिकाने धारण करू नये. हा कायदा आजही अमलात आहे. त्यामुळे फ्रेंच स्त्रीचे कायदेशीर आडनाव लग्नाने बदलत नाही, नवऱ्याचे नाव ती केवळ वहिवाटीने लावते, ही गोष्ट आपल्याकडे फारशी माहीत नाही. १८०३ साली नाव बदलण्याची रीतसर पद्धत ठरली. आणि २० जुलै १८०८ रोजी नेपोलियनने फर्मान काढले की साम्राज्यातील ज्या यहुदी कुटुंबांना कायमचे आडनाव नाही, त्यांनी ते घ्यावे. ज्याने हा हुकूम दिला, त्याने स्वतः बाराच वर्षांपूर्वी, १७९६ साली, आपल्या बुओनापार्ते या कॉर्सिकन नावातला इटालियन 'उ' गाळून ते बोनापार्त असे फ्रेंच करून घेतले होते.

दप्तराच्या या सत्तेचे सर्वांत कठोर दर्शन समुद्रापार घडले. २७ एप्रिल १८४८ च्या फर्मानाने फ्रेंच वसाहतींतील गुलामगिरी नष्ट झाली. गुलामाला आडनाव नव्हतेच. आता तो नागरिक झाला, म्हणून ते हवे. मार्तिनिक, ग्वादलूप, गियान आणि रेयुनियाँ येथे कारकून वह्या उघडून बसले आणि रांगेत येणाऱ्या स्वतंत्र स्त्रीपुरुषांना नावे देऊ लागले. गोऱ्या मालकांची नावे द्यायची नव्हती. तेव्हा कोणाचे पहिले नाव उलटे वाचून, कोणाची अक्षरे इकडची तिकडे करून, कोणाला रोमन इतिहासातून, कोणाला झाडापानांवरून अशी हजारो नावे अल्पावधीत घडवण्यात आली. फ्रान्समधल्या काण्याला त्याचे नाव निदान त्याला ओळखणाऱ्या माणसांनी दिले होते. या लोकांना ते अशा माणसाने दिले, ज्याने त्यांना त्यापूर्वी पाहिलेही नव्हते. दोघांच्या नावांत मला हा फरक फार मोठा वाटतो, आणि या बेटांवरील वंशजांनी त्या वह्या अलीकडे पुन्हा उघडून आपापल्या पहिल्या नामधारी पूर्वजाचा शोध घेण्यास प्रारंभ केला आहे, तो मला सर्वथा योग्य वाटतो.

हिंदुस्थानातही या दप्तराचा एक अध्याय लिहिला गेला. २१ सप्टेंबर १८८१ च्या हुकूमनाम्याने फ्रेंच अमलाखालील पाँडिचेरी आदी ठाण्यांतील रहिवाशांना अशी मुभा मिळाली की त्यांनी आपला परंपरागत धर्मकायदा सोडून फ्रेंच दिवाणी कायदा स्वीकारावा. मात्र तसे करणाऱ्याने एक कायम आडनाव घेतले पाहिजे. पोन्नुतंबी पिळ्ळै या वकिलाने १८७३ साली बूट घालून न्यायालयात प्रवेश केल्याबद्दल झालेल्या दंडाविरुद्ध पॅरिसपर्यंत दाद मागितली होती. त्याने या नव्या तरतुदीनुसार 'लापोर्त', म्हणजे 'दार', हे नाव घेतले. येथे मात्र नाव शेजाऱ्याने दिलेले नव्हते, कारकुनानेही नव्हे. ते धारण करणाऱ्याने अर्थ जाणून निवडलेले होते.

असेच एक निवडलेले नाव आज नागपूरकरांच्या ओळखीचे आहे. विमानांचा रचनाकार मार्सेल ब्लोक हा यहुदी; दुसऱ्या महायुद्धात बुखेनवाल्डच्या छळछावणीतून तो जिवंत सुटला. त्याचा सेनापती भाऊ जर्मनांविरुद्धच्या गुप्त चळवळीत 'शारदासो' हे टोपणनाव वापरी. फ्रेंचमध्ये 'शार दासो' म्हणजे रणगाडा. युद्धानंतर भावाच्या त्या टोपणनावातून मार्सेलने आपले आडनाव केले : दासो. राफाल विमान बनवणाऱ्या कंपनीचे नाव ते हेच, आणि नागपूरच्या मिहान प्रकल्पातील तिच्या भागीदारीच्या कारखान्यावरही ते लिहिलेले आहे.

फ्रान्समध्ये शतकानुशतके मुलाला बापाचेच नाव मिळत आले. १ जानेवारी २००५ पासून आईबापांना आपल्या मुलाला आईचे, बापाचे किंवा दोघांचे जोडनाव देण्याचा अधिकार प्राप्त झाला. आणि १ जुलै २०२२ पासून कोणाही सज्ञान फ्रेंच नागरिकाला, काहीही कारण न सांगता, आपल्या नगरपालिकेत एक अर्ज भरून बापाच्या नावाऐवजी आईचे, आईच्या नावाऐवजी बापाचे, किंवा दोन्ही, धारण करता येतात. अर्ज दिल्यावर निदान एक महिना थांबावे लागते. मग त्याने पुन्हा स्वतः हजर राहून आपला निर्णय कायम असल्याचे सांगायचे असते. हा अधिकार आयुष्यात एकदाच वापरता येतो.